गॅल्व्हस्टनची भिंत आणि झोन एक्समधलं घर

गेल्या वर्षी आम्ही घर शोधत होतो. ह्यूस्टनच्या दक्षिणेला लीग सिटी नावाचं शहर आहे, तिथे. ऑफिस अर्ध्या तासावर, रस्ते रुंद, घरांच्या किमती जेमतेम आवाक्यातल्या. चौथं की पाचवं घर बघताना मी एजंटला पुराबद्दल विचारलं. त्याने फोनवर नकाशा उघडून दाखवला. "हे घर झोन एक्समध्ये येतं. इथे फ्लड इन्शुरन्स सक्तीचा नाही. काळजीचं कारण नाही."

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. बाबांनी किचन बघितलं नाही, बेडरूम किती तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पाणी कुठपर्यंत येतं गं तिथे?"

"बाबा, झोन एक्स आहे."

"ते असेल. पण पाणी कुठपर्यंत येतं?"

बाबांचा प्रश्न उगाच नव्हता. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिथल्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा आजी घरात होती. नारळ-सुपारीची वाडी दुपारच्या काही तासांत आडवी झाली. सुपारी लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायलाच सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे वाडी गेली म्हणजे एका हंगामाचं पीक गेलं असं नसतं. जून महिन्यात इतकं तीव्र वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आल्याची नोंद १८९१ पासून नाही, असं तेव्हा बातम्यांत सांगत होते. लहानपणापासून आम्ही ऐकलेलं वाक्यही तेच होतं: वादळं बंगालच्या उपसागरात होतात, आपल्याकडे येत नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला मोठ्या चक्रीवादळाने झोडपलं होतं, २००९ मध्ये फयान येऊन गेलं होतं. तरी वाक्य टिकून होतं.

१८९१ हे साल माझ्या डोक्यात राहिलं. लीग सिटी ज्या काउंटीत येते तिचं नाव गॅल्व्हस्टन काउंटी. तिचा इतिहास वाचायला घेतला तर पहिल्याच दिवशी हेच साल पुन्हा समोर आलं. त्या वर्षी याच काउंटीत एका हुशार, प्रामाणिक, सरकारी हवामानतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं की या शहराला वादळाचा धोका नाही.

वाळूच्या बेटावरचं श्रीमंत शहर

आपल्याकडे जिल्हा तशी अमेरिकेत काउंटी. गॅल्व्हस्टन काउंटीचा काही भाग मुख्य जमिनीवर आहे आणि काही भाग समुद्रात, म्हणजे गॅल्व्हस्टन बेटावर. बेट म्हटल्यावर मुरूडसारखा खडक किंवा डोंगर डोळ्यांसमोर आणू नका. हा किनाऱ्याला समांतर पसरलेला लांबट, अरुंद वाळूचा पट्टा आहे. एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी. १९०० साली शहरातली सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्याही आत होती. म्हणजे आपल्या एकमजली घराच्या छताएवढीही नाही.

या पट्ट्यावर सुमारे ३८ हजार लोक राहत होते आणि ते टेक्ससमधल्या सर्वांत भरभराटीच्या शहरांपैकी एक होतं. देशातल्या मोठ्या कापूस बंदरांमध्ये त्याची गणना व्हायची. स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर बँका आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. त्या रस्त्याला नैऋत्येचा वॉल स्ट्रीट म्हणत. पन्नास मैल आत असलेलं ह्यूस्टन तेव्हा त्याचं प्रतिस्पर्धी होतं, पण खोल पाण्याचं बंदर गॅल्व्हस्टनकडे होतं. बेटाला समुद्राने घेरलंय ही गोष्ट लोकांना धोका वाटत नव्हती. समुद्रामुळेच तर पैसा येत होता.

वीस वर्षांच्या डेटावरचं मॉडेल

आयझॅक क्लाइन हा अमेरिकी हवामान खात्याचा गॅल्व्हस्टनमधला प्रमुख. वैद्यकीचं शिक्षण घेतलेला, कष्टाळू, नोंदींच्या बाबतीत काटेकोर. जुलै १८९१ मध्ये त्याने तिथल्या दैनिकात एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वेस्ट इंडीजकडून येणारी वादळं वातावरणाच्या नियमांनुसार वळून पूर्व किनाऱ्याकडे जातात, टेक्ससपर्यंत पोचत नाहीत. गेल्या वीस वर्षांत दोन मोठी पोचली, पण ते अपवाद होते. समजा एखादं आलंच, तरी इथला समुद्रतळ हळूहळू उथळ होत जातो, त्यामुळे लाटेचा जोर मोडेल. शिवाय खाडीपलीकडची जमीन सखल आहे, पाणी तिकडे पसरेल. गॅल्व्हस्टनचं मोठं नुकसान होईल असं मानणं हा त्याच्या मते निव्वळ भ्रम होता.

हा लेख वाचून मला क्लाइनचा राग आला नाही, कारण मी रोज हेच करते. आपल्याकडे थोडा डेटा असतो. त्यातून एक सुंदर नियम निघतो. दोन नोंदी नियमात बसत नाहीत, तेव्हा आपण त्यांना आउटलायर म्हणतो आणि पुढे जातो. क्लाइनकडे वीस वर्षांत दोन घटना होत्या. दर दहा वर्षांनी एक. त्या अपवाद आहेत हे त्याने नोंदींवरून ठरवलं नव्हतं. नियम आधी पक्का झाला होता आणि नोंदी त्याच्या आड येत होत्या.

उथळ समुद्रतळाबद्दलचा तर्क तर नेमका उलटा होता. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. समुद्र खोल असेल तर ढकललेलं पाणी खालून परत जाऊ शकतं. उथळ असेल तर त्याला खाली जागाच नसते, मग ते वर चढतं आणि जमिनीवर येतं. हवामान खातं याला स्टॉर्म सर्ज म्हणतं. ही उंच फुटणारी लाट नसते. समुद्राची अख्खी पातळी काही तासांसाठी वर येते आणि तिच्यावर पुन्हा लाटा असतात. चक्रीवादळांत माणसं सर्वांत जास्त मरतात ती वाऱ्याने नव्हे, पाण्याने.

आणि हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. 'सायक्लोन' हा शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात जहाजांच्या नोंदी चाळता चाळता तो घडवला. मातला नदीच्या मुखाजवळ नवं बंदर बांधायचं घाटत होतं, तेव्हा १८५३ मध्ये त्याने थेट गव्हर्नर जनरलला लिहिलं की तिथे बांधू नका, एक दिवस समुद्र वर चढून सगळं घेऊन जाईल. बंदर बांधलं गेलं. त्याचं नाव पोर्ट कॅनिंग. १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झालं. पिडिंग्टन तोवर वारला होता. आज कॅनिंग हे सुंदरबनकडे जाताना लागणारं लोकल गाडीचं स्टेशन आहे.

जवळचा पुरावा

इतक्या लांब कलकत्त्यापर्यंत जायचीही गरज नव्हती. टेक्ससच्याच किनाऱ्यावर, गॅल्व्हस्टनच्या नैऋत्येला, इंडियानोला नावाचं बंदर होतं. तेही सखल, तेही भरभराटीचं, गॅल्व्हस्टनचं प्रतिस्पर्धी. सप्टेंबर १८७५ मध्ये वादळाने त्याची दाणादाण उडवली. शेकडो माणसं गेली. उरलेल्यांनी गाव पुन्हा उभारलं. ऑगस्ट १८८६ मध्ये दुसरं वादळ आलं आणि त्यासोबत आगही लागली. या वेळी लोकांनी हात टेकले. गाव सोडून दिलं गेलं. क्लाइनने ज्यांना अपवाद म्हटलं ती दोन वादळं हीच.

१८८६ नंतर गॅल्व्हस्टनमध्येही समुद्राकडून भिंत बांधायची चर्चा सुरू झाली. व्यापाऱ्यांनी ठराव केले, वर्तमानपत्रांनी पाठिंबा दिला. मग महिने गेले, पुढचा मोसम कोरडा गेला, खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर आला आणि विषय मागे पडला. त्यात पाच वर्षांनी हवामानतज्ज्ञाचाच लेख आला. भिंत नको असणाऱ्यांना याहून चांगला दाखला कुठला मिळणार?

मला इथे सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की कुणीही खोटं बोललं नव्हतं. क्लाइनला त्याचं म्हणणं मनापासून पटलेलं होतं. त्याने स्वतःचं घर समुद्रापासून तीन-चार गल्ल्यांवर बांधलं होतं. बायको आणि तीन मुली त्याच घरात राहत होत्या.

हवानाकडून आलेला इशारा

ऑगस्ट १९०० च्या शेवटी अटलांटिकमध्ये एक वादळ तयार झालं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला क्यूबावरून गेलं. क्यूबामध्ये तेव्हा वादळांचा अभ्यास करणारी जगातली एक उत्तम वेधशाळा होती. हवानातल्या बेलेन नावाच्या जेझुइट कॉलेजात पाद्री दशकानुदशकं ढग, वारा आणि वायुदाब टिपत आले होते. तिथल्या पाद्री गांगोइते यांचा अंदाज होता की वादळ आखातात शिरून आणखी तीव्र होईल.

पण क्यूबा नुकताच अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आला होता. वॉशिंग्टनमधल्या हवामान खात्याला क्यूबन निरीक्षक भावनेच्या भरात उगाच घबराट पसरवणारे वाटत. खात्याचा प्रमुख विलिस मूर याने त्यांचे हवामानविषयक संदेश सरकारी तारांवरून पाठवायला बंदी घातली होती. खात्याचा स्वतःचा अंदाज होता की वादळ नेहमीप्रमाणे वळून फ्लोरिडावरून अटलांटिककडे जाईल. म्हणजे क्लाइनच्या डोक्यात होता तोच नियम वॉशिंग्टनच्याही डोक्यात होता. वादळ वळलं नाही. आखाताच्या कोमट पाण्यावरून ते पश्चिमेला निघालं.

डेटा नव्हता म्हणून माणसं मेली असं आपण सहज म्हणतो. इथे डेटा होता. तो चुकीच्या माणसांकडून येत होता, एवढंच.

८ सप्टेंबर १९००

शनिवारी सकाळीच सखल रस्त्यांवर पाणी आलं. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, म्हणजे पाण्याला मागे ढकलणारा, तरी पाणी चढत होतं. क्लाइनला यातला विपरीतपणा कळला. नंतरच्या आठवणींत त्याने लिहिलं की तो घोडागाडीतून किनाऱ्यावर फिरून लोकांना उंच जागी जायला सांगत होता. त्याने नेमकं किती जणांना सांगितलं यावर इतिहासकार शंका घेतात. मुलं मात्र दुपारपर्यंत लाटा बघायला किनाऱ्यावर जमत होती.

दुपारनंतर मुख्य जमिनीला जोडणारे पूल गेले. तारा तुटल्या. संध्याकाळी वाऱ्याची दिशा बदलली आणि आखात शहरात शिरलं. पाण्याची पातळी पंधरा फुटांच्या वर गेली. शहराची सर्वांत उंच जागा नऊ फुटांच्या आत होती हे आठवा. त्या रात्री बेटावर कोरडी जमीन उरली नव्हती.

क्लाइनचं घर मजबूत म्हणून शेजारचे लोक आसऱ्याला आले होते. आत सुमारे पन्नास माणसं होती. ट्रामचा उखडलेला लोखंडी-लाकडी सांगाडा लाटांबरोबर येऊन घरावर आदळत राहिला आणि घर उलटलं. क्लाइन, त्याचा भाऊ आणि तीन मुली वाहत्या फळ्यांवर तरंगत वाचले. आत असलेल्यांपैकी तीसहून अधिक जण गेले. त्यांत क्लाइनची गर्भवती बायको कोरा होती.

किनाऱ्याला लागून सेंट मेरीज अनाथाश्रम होता. तिथल्या दहा नन्सनी कपडे वाळत घालायची दोरी कापून मुलांना आपापल्या कमरेशी बांधून घेतलं, कुणी वाहून जाऊ नये म्हणून. इमारत कोसळली. नव्वद मुलं आणि दहाही नन्स गेल्या. तीन मुलगे एका झाडाला धरून वाचले.

मृतांचा नक्की आकडा कुणालाच सांगता आला नाही. किमान सहा हजार, बहुधा आठ हजार, काहींच्या मते त्याहून जास्त. शहरातला दर पाचवा माणूस. साडेतीन हजारांहून अधिक घरं गेली. प्रेतं पुरायला वाळूत जागा नव्हती, म्हणून ती बार्जवर चढवून समुद्रात सोडण्यात आली. त्या कामाला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपलं गेलं. पुढच्या दिवसांत समुद्राने प्रेतं किनाऱ्यावर परत आणली. मग जागोजागी चिता रचाव्या लागल्या. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीने इतकी माणसं त्याआधी कधी मेली नव्हती आणि त्यानंतरही मेलेली नाहीत.

शहर जॅकवर चढवलं

यापुढचा भाग मला इंजिनिअर म्हणून थक्क करतो. गॅल्व्हस्टनने इंडियानोलासारखं गाव सोडलं नाही. तीन इंजिनिअरांची समिती नेमली. त्यातले एक हेन्री रॉबर्ट, लष्करातून निवृत्त झालेले. सभा कशी चालवावी यावरच्या ज्या 'रॉबर्ट्स रूल्स'वर अमेरिकेतल्या सोसायट्या आणि संस्था आजही चालतात, ते याच रॉबर्टांचे. समितीने दोन गोष्टी सुचवल्या. एक, समुद्राच्या बाजूने सतरा फूट उंच काँक्रीटची भिंत, पुढचा भाग वळणदार, म्हणजे लाट आदळली की वर उडून मागे पडेल. दोन, शहराची जमीनच उचलायची.

भिंतीचा पहिला तीन मैलांहून जास्त लांबीचा टप्पा १९०४ मध्ये पुरा झाला. जमीन उचलायला १९०३ ते १९११ अशी आठ वर्षं लागली. शहरातून चक्क एक कालवा खणला. त्यातून ड्रेजर आत यायचे आणि समुद्रतळाची वाळू पाण्यासकट पाइपांमधून घरांखाली सोडायचे. पाणी निथळून जायचं, वाळू उरायची. त्याआधी प्रत्येक घर स्क्रू-जॅकवर चढवावं लागे. दोन हजारांहून अधिक इमारती अशा उचलल्या. सेंट पॅट्रिक हे तीन हजार टनांचं चर्च सातशे जॅक लावून पाच फूट वर घेतलं. भराव घालायचा खर्च सरकारचा, पण आपलं घर उचलायचा खर्च ज्याचा त्याचा. मधली काही वर्षं लोक उंच लाकडी फळ्यांवरून शेजारी जात होते. बागा वाळूखाली गेल्या, झाडं मेली.

ऑगस्ट १९१५ मध्ये परीक्षा झाली. जवळपास १९०० च्याच तोडीचं वादळ आलं. भिंतीमागच्या शहरातले बळी हजारांत गेले नाहीत, डझनभराच्या आसपास राहिले. भिंत पास झाली.

एवढ्यावर गोष्ट थांबवता आली असती तर बरं झालं असतं.

पाणी मागच्या दाराने

१९१४ मध्ये ह्यूस्टनपर्यंत मोठी जहाजं नेणारा खोल कालवा खुला झाला. व्यापार आत सरकला. पुढे त्या कालव्याच्या काठाने तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. जमिनीतून पाणी बेसुमार उपसलं गेलं आणि जमीन खचू लागली. खाडीच्या वरच्या अंगाला बेटाउनमध्ये ब्राउनवुड नावाची छान वसाहत होती, ती आठ फुटांहून जास्त खचली. १९८३ च्या अलिशिया वादळानंतर ती कायमची रिकामी करावी लागली. उपशावर नियंत्रण आणायला १९७५ मध्ये खास यंत्रणा नेमली गेली, तोवर बरंच खचून झालं होतं. गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून समुद्राची पातळी मोजली जाते. तिथे पाणी शंभर वर्षांत दोन फुटांहून जास्त वर आलेलं दिसतं. त्यात समुद्र वर येणंही आहे आणि जमीन खाली जाणंही. म्हणजे भिंत सतरा फुटांची बांधली, पण ज्या पातळीवरून ती मोजली ती पातळीच हलली.

सप्टेंबर २००८ मध्ये आइक वादळ आलं. वाऱ्याच्या मोजपट्टीवर ते दोन नंबरचं, पाचपैकी दोन. अनेकांनी तो आकडा ऐकून घरीच थांबायचं ठरवलं. तीनच वर्षांपूर्वी रिटा वादळाच्या वेळी लाखो लोक एकदम बाहेर पडले होते, तासन्‌तास गाड्यांत अडकले होते आणि स्थलांतरातच शंभराच्या आसपास माणसं गेली होती. पुन्हा ते नको, हेही अनेकांच्या मनात होतं. पण आइक आकाराने प्रचंड होतं आणि मोजपट्टी वाऱ्याचा वेग सांगते, पाण्याची उंची नाही. राष्ट्रीय हवामान सेवेने शेवटी स्पष्ट शब्दांत सांगितलं की किनाऱ्याजवळच्या एक-दोन मजली घरांत थांबणाऱ्यांचा मृत्यू निश्चित आहे. शेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर पाणी पंधरा फुटांवर गेलं. तिथल्या गिलख्रिस्ट गावाचे हवाई फोटो बघा, खांबांवर उंच बांधलेलं एक पिवळं घर सोडलं तर आजूबाजूला वाळू आहे.

गॅल्व्हस्टनमध्ये भिंतीने समुद्र अडवला. पाणी मागून आलं, खाडीकडून. वादळापूर्वीच खाडी तुडुंब भरली होती. तिच्या बाजूला भिंत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी क्लाइन म्हणाला होता की पाणी खाडीकडे पसरेल आणि शहर वाचेल. ते पसरलं, आणि तिथूनच शहरात आलं.

आइकनंतर टेक्ससच्या एका प्राध्यापकाने, बिल मेरेल यांनी, खाडीच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे बांधायची कल्पना मांडली. लोक तिला आइक डाइक म्हणतात. तिच्यावर आधारलेल्या प्रकल्पाला २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने मंजुरी दिली. तेव्हाचा अंदाज ३४ अब्ज डॉलर होता, महागाई धरून तो पुढे ५७ अब्जांवर गेला. त्यात बेटाच्या मागच्या बाजूची भिंतही आहे. मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. १८८६ नंतरचे ठरावही मंजूरच होते.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय

आता पुन्हा माझ्या एजंटच्या नकाशाकडे. १९६८ मध्ये अमेरिकी सरकारने राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू केली. त्यासाठी देशभर नकाशे काढले. कुठल्याही वर्षी पूर यायची शक्यता एक टक्का किंवा जास्त असेल ती जागा धोक्याची. सरकारी हमीचं गृहकर्ज हवं तर तिथे विमा सक्तीचा. त्या रेषेच्या बाहेर झोन एक्स, तिथे सक्ती नाही.

या एक टक्क्याला बोलीभाषेत 'शंभर वर्षांचा पूर' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा आला की पुढची शंभर वर्षं सुट्टी. पण एक टक्का हा दर वर्षीचा असतो, फासा दर वर्षी नव्याने पडतो. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर एकदा तरी पूर यायची शक्यता किती? ०.९९ चा तिसावा घात काढा, एकातून वजा करा. २६ टक्के. चारात एक. रेषेबाहेरच्या ज्या पट्ट्यात वर्षाला ०.२ टक्के धरतात, तिथेही तीस वर्षांत सहा टक्क्यांच्या जवळ येतं. नकाशावरच्या रेषेला अलीकडची-पलीकडची बाजू असते, पाण्याला तशी काही नसते.

आणि हा एक टक्का तरी कुठून आला? जुन्या पावसाच्या नोंदींमधून. ह्यूस्टन परिसरात २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं '५०० वर्षांचा' म्हणवला जाणारा पूर आला. तिसरा म्हणजे हार्वे. लीग सिटीच्या शेजारच्या डिकिन्सनमध्ये वृद्धाश्रमातल्या आज्या कमरेएवढ्या पाण्यात खुर्च्यांवर बसून आहेत, असा फोटो तेव्हा जगभर फिरला होता. तुम्हीही बघितला असेल. परिसरात पाणी शिरलेल्या घरांपैकी कितीतरी घरं नकाशातल्या धोक्याच्या पट्ट्याबाहेर होती. त्यांच्या मालकांकडे विमा नव्हता, कारण सक्ती नव्हती. पुढच्याच वर्षी सरकारी हवामान संस्थेने आकडे सुधारले. ह्यूस्टनमध्ये 'शंभर वर्षांचा' २४ तासांचा पाऊस पूर्वी १३ इंच धरत, तो १८ इंच झाला. जुना शंभर वर्षांचा पाऊस नव्या हिशेबात साधारण पंचवीस वर्षांचा ठरला.

नकाशा काढणाऱ्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. प्रत्येक नकाशाला तारीख असते. क्लाइनच्या लेखालाही होती.

धोका मोजताना तीन गोष्टींचा गुणाकार करतात: संकट किती मोठं, त्याच्या वाटेत किती माणसं आणि किती मालमत्ता, आणि ती किती कच्ची. आपण बोलतो ते फक्त पहिल्याबद्दल, वादळांबद्दल. पण १९०० साली या काउंटीत पन्नास हजारांच्या आत लोक होते, आज साडेतीन लाख आहेत. एकट्या लीग सिटीत एक लाखाहून जास्त. वादळ अगदी तेच आलं तरी गुणाकार वाढलेला आहे. त्या वाढलेल्या आकड्यात आता आम्ही दोघं येणार होतो.

जोतं

पुढच्या शनिवारी नवरा आणि मी त्या घराच्या गल्लीत पुन्हा गेलो, एजंटला न घेता. चार दारांच्या घंटा वाजवल्या. दोन उघडली. पलीकडच्या घरातल्या सत्तरीच्या बाई म्हणाल्या की हार्वेत पाणी रस्ता भरून ड्राइव्ह-वेच्या मध्यापर्यंत आलं होतं, घरात आलं नाही. कोपऱ्यावरच्या घरात मात्र वीतभर शिरलं. तो कोपरा सखल आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण साध्या पावसातही पाणी तिथेच जमतं. त्यांनी आम्हाला चालत नेऊन तो दाखवला.

मी बाबांना फोन केला. "रस्त्यापर्यंत येतं. ड्राइव्ह-वेच्या मध्यापर्यंत."

"मग जोतं किती उंच आहे?"

मला हसू आलं. इथे घराचा एक कागद मिळतो, एलिव्हेशन सर्टिफिकेट. सर्व्हेअर येऊन खालच्या मजल्याची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते मोजून देतो. पूरविम्यातल्या मंडळींना जे हवं असतं, ते आमच्या गावात घर बांधताना गवंड्याला पहिल्या दिवशी सांगतात. जोतं दोन हात घे, पाणी आलं होतं त्याच्या वर घे. गॅल्व्हस्टनने आठ वर्षं जॅक लावून केलं ते तरी दुसरं काय होतं? अख्ख्या शहराचं जोतं उचललं.

आम्ही सर्व्हेअर बोलावला. पैसे देऊन कागद घेतला. मजला रस्त्यापेक्षा दोन फुटांहून थोडा जास्त उंच निघाला. घर घेतलं. सक्ती नसलेला फ्लड इन्शुरन्सही घेतला. कर्ज देणाऱ्याने विचारलं, खात्री आहे ना, तुम्ही तर झोन एक्समध्ये आहात. म्हटलं, हो, खात्री आहे.

तो कागद मी बाबांना पाठवला. त्यांनी फुटांचे मीटर करून घेतले, चष्मा लावून दोनदा वाचला आणि आजीला दाखवला. आजीने वाडीत नव्या सुपाऱ्या लावल्यात. गेल्या महिन्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. रोपं कमरेएवढी झालीत म्हणाली. आणि विचारलं, तुमच्याकडे वादळाचा मोसम कधी असतो? १ जून ते ३० नोव्हेंबर, मी कळवलं. तिने तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलाय, असं बाबा सांगत होते.